स्नोडेन पळाला, म्हणून त्याचे कागद खोटे ठरतात का?

अमेरिकी हेरखात्याचे गुप्त कागद २०१३ मध्ये पत्रकारांच्या हाती देणारा तिथला कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन, याच्यावरच्या मागच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्याने बाहेर आणलेल्या कागदांविषयी विचारणारी पत्रं मोजकीच होती. बाकीच्यांना जाणून घ्यायचं होतं की तो माणूस कसा आहे, कुणाचा हस्तक आहे आणि पळाला का. अमेरिकेतही २०१३ पासून हेच चाललं आहे. जानेवारी २०२५ मध्ये तुलसी गबार्ड राष्ट्रीय गुप्तचर संचालकपदासाठी सिनेटच्या समितीपुढे आल्या, तेव्हा सदस्य त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते की स्नोडेन देशद्रोही आहे का, हो की नाही ते सांगा. त्याने कायदा मोडला एवढं त्यांनी मान्य केलं, 'देशद्रोही' मात्र शेवटपर्यंत म्हटलं नाही. तेव्हा या वेळी हेच प्रश्न घेतो.

प्रश्न (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक): हे प्रकरण घडलं तेव्हा मी शाळेत होते. त्याने नेमकं उघड काय केलं?

५ जून २०१३ रोजी 'गार्डियन'ने पहिला कागद छापला. तो अमेरिकेतल्या गुप्त न्यायालयाचा आदेश होता. न्यायाधीश रॉजर विन्सन यांनी २५ एप्रिलला तो काढला होता. व्हेरायझन या दूरसंचार समूहातल्या एका कंपनीने आपल्याकडच्या सगळ्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला द्याव्यात, असं त्यात फर्मावलं होतं. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला फोन गेला, किती वाजता आणि किती वेळ चालला, हे सगळं त्यात आलं. संभाषण द्यायचं नव्हतं, पण संशयित असो वा नसो, नोंद प्रत्येकाची द्यायची होती. असा आदेश आला आहे हे कंपनीने कुणाला सांगायचंही नव्हतं. कागदावर गोपनीयता उठवण्याची तारीख आहे १२ एप्रिल २०३८. स्नोडेन नसता तर हा आदेश लोकांना आजही दिसला नसता.

दुसऱ्याच दिवशी 'प्रिझम'ची बातमी आली. गुगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल यांच्या सेवा वापरणाऱ्या परदेशी लोकांचे मेल, चॅट आणि फाइल्स एनएसए कशी मिळवते, ते त्यात होतं. तुम्ही-आम्ही या 'परदेशी लोकां'त मोडतो.

याच्या तीनच महिने आधी, १२ मार्चला, सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना जाहीर सुनावणीत विचारलं होतं की एनएसए कोट्यवधी अमेरिकन लोकांची कसलीही माहिती गोळा करते का. हा प्रश्न क्लॅपर यांच्या कार्यालयाला आदल्या दिवशीच पाठवलेला होता. तरीही उत्तर आलं, 'नाही'. पुढे पुस्ती जोडली, 'जाणूनबुजून तर नाही'. व्हेरायझनचा कागद छापून आल्यावर ते उत्तर चुकीचं होतं हे क्लॅपर यांना लेखी कबूल करावं लागलं. त्यांच्यावर खटला झाला नाही.

प्रश्न (निवृत्त बँक अधिकारी, सांगली): वरिष्ठांशी खटके उडालेला, प्रसिद्धीला हपापलेला कर्मचारी, एवढंच त्याचं खरं रूप नाही का? अमेरिकी संसदेच्या समितीनेच तसं म्हटलं आहे.

म्हटलं आहे. प्रतिनिधिगृहाच्या गुप्तचर समितीने सप्टेंबर २०१६ मध्ये त्याला असंतुष्ट कर्मचारी आणि सवयीने फुगवून सांगणारा म्हटलं. साहेबांशी वाद झाल्यानंतर त्याने फाइल्स उतरवायला सुरुवात केली, असंही त्यात आहे. क्लॅपर यांचं उत्तर ऐकून आपला निश्चय पक्का झाला असं स्नोडेन सांगतो. पण पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्याशी त्याने पहिला संपर्क साधला तो डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे त्या सुनावणीच्या आधी. शिवाय बूझ अ‍ॅलन या कंपनीतली शेवटची नोकरी आपण जास्तीचे कागद हाती लागावेत म्हणूनच धरली, हे त्याने स्वतः हाँगकाँगच्या वृत्तपत्राला सांगितलं. त्याची बाजू घेणाऱ्यांनी या गोष्टी झाकू नयेत.

आता दुसरी बाजू. त्याने कागद विकल्याचा पुरावा नाही. ते त्याने पत्रकारांच्या हाती दिले आणि काय छापायचं, काय नाही, हे त्यांच्यावर सोपवलं. पैसा किंवा सत्ता हवी असलेला माणूस हवाई बेटांवरची गलेलठ्ठ पगाराची नोकरी आणि घर सोडून असं करत नाही, असं माझं मत आहे. पण समजा, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. राग, अहंकार, प्रसिद्धीची हाव, सगळं होतं. तरी विन्सन यांची सही खोटी ठरते का? फोन-नोंदींचा हा सरसकट साठा कायद्यात बसत नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने मे २०१५ मध्ये दिला. त्यात त्यांना स्नोडेनचा स्वभाव तपासावा लागला नाही.

प्रश्न (शिक्षक, कोल्हापूर): टिळकांनी शिक्षा भोगली, पळून गेले नाहीत. स्वतःच्या बाजूवर विश्वास असलेला माणूस न्यायालयाला का घाबरतो?

सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो मनापासून विचारला आहे.

१९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर यांच्यापुढे 'केसरी'तल्या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले. लेख कोणत्या परिस्थितीत लिहिले, हेतू काय होता, कोणत्या शब्दाचा अर्थ काय, हे सगळं त्यांनी ज्युरीपुढे मांडलं. ज्युरीने सात विरुद्ध दोन असं दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. न्याय मिळाला नाही. पण 'मी हे का केलं' हे सांगण्याची मुभा परकीय सरकारच्या न्यायालयातही होती.

स्नोडेनवरचे दोन आरोप १९१७ च्या हेरगिरी कायद्याखालचे आहेत आणि तिसरा सरकारी मालमत्तेच्या चोरीचा. या कायद्याखाली ज्युरीपुढे प्रश्न एवढाच येतो की गोपनीय माहिती अनधिकृत व्यक्तीला दिली की नाही. लोकांच्या भल्यासाठी दिली, सरकार बेकायदा वागत होतं म्हणून दिली, असा बचाव तिथे घेताच येत नाही. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं १९७१ मध्ये बाहेर आणणारे डॅनियल एल्सबर्ग साक्षीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या वकिलाने विचारलं की तुम्ही या प्रती का काढल्या. सरकारी वकिलाने हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती मान्य केली आणि उत्तर तोंडातच राहिलं. ते सुटले ते वेगळ्याच कारणाने. सरकारच्या माणसांनी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं होतं, ते उघड झालं आणि मे १९७३ मध्ये खटलाच रद्द झाला.

हेच एल्सबर्ग, न पळता खटल्याला सामोरं गेल्याचं ज्यांचं उदाहरण स्नोडेनला वारंवार दिलं जातं, त्यांनी २०१३ मध्ये लिहिलं की देश सोडला ते त्याने बरोबर केलं. आपण जामिनावर बाहेर होतो, सभांतून बोलू शकत होतो, आता ते दिवस राहिलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर लष्कराचे गुप्त कागद विकिलीक्सला देणारी अमेरिकी सैनिक चेल्सी मॅनिंग हिचं ताजं उदाहरण होतं. खटला उभा राहण्याआधीच तिला जवळपास नऊ महिने एकांत कोठडीत ठेवलं होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये तिला ३५ वर्षांची शिक्षा झाली, ती २०१७ मध्ये ओबामांनी कमी केली.

हेतू ज्युरीला सांगू देणार असाल तर मी परत येतो, असं स्नोडेन कित्येकदा म्हणाला आहे. मला ही अट रास्त वाटते. ज्या हेतूवरून सगळी दुनिया वाद घालते, त्याची तपासणी करायला न्यायालयाचंच दार बंद असेल, तर तो न्यायालयात आला नाही हा त्याच्या हेतूविरुद्धचा पुरावा कसा होईल?

प्रश्न (अभियंता, ठाणे): सगळं खरं मानलं, तरी रशियाच का? यातच सगळं आलं.

तारखा पाहू. २० मे २०१३ रोजी तो हवाईहून हाँगकाँगला निघाला. ९ जूनला त्याने स्वतःचं नाव जाहीर केलं. २१ जूनला त्याच्यावरचे आरोप जाहीर झाले, त्याच दिवशी तो तीस वर्षांचा झाला. लगेच अमेरिकेने पासपोर्ट रद्द केला. २३ जूनला तो मॉस्कोला उतरला. पुढचं तिकीट हवानाचं होतं, तिथून दक्षिण अमेरिका. २४ जूनच्या हवानाच्या विमानात तो दिसेल म्हणून पत्रकारांनी धडाधड तिकिटं काढली. १७ए ही त्याची खिडकीची जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली आणि मंडळींना त्या रिकाम्या खुर्चीचे फोटो काढून बारा तास प्रवास करावा लागला.

पुढचे पाच-सहा आठवडे तो शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागात अडकला. वीसेक देशांकडे आश्रय मागितला. त्यात भारतही होता आणि २ जुलैला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने नकार कळवला. त्याच रात्री मॉस्कोहून निघालेलं बोलिव्हियाचे अध्यक्ष इव्हो मोरालेस यांचं विमान व्हिएन्नात उतरावं लागलं, कारण स्नोडेन आत आहे या संशयाने युरोपातल्या देशांनी हवाई हद्द नाकारली. एका देशाच्या अध्यक्षाचं विमान अडतं, तिथे पासपोर्ट नसलेला माणूस कुठे जाणार? १ ऑगस्टला रशियाने वर्षभराचा आश्रय दिला.

संशयाला जागा आहे, तीही सांगतो. हाँगकाँगमध्ये स्नोडेनची रशियन मुत्सद्द्यांशी गाठ पडली होती, असं पुतिन यांनीच सप्टेंबर २०१३ मध्ये सांगितलं. कागद आपण हाँगकाँगमध्येच पत्रकारांकडे सोडले, रशियात काही नेलं नाही, हे तर आपल्याला स्नोडेनच्याच शब्दावर मानावं लागतं. मात्र अमेरिकेने जाहीर केलेल्या तिन्ही आरोपांत परकीय सरकारला माहिती पुरवल्याचा आरोप नाही.

प्रश्न (गृहिणी, इंदूर): मग तो पुतिन यांच्याविरुद्ध का बोलत नाही?

२०१६ मध्ये रशियात पाळतीचा कडक कायदा आला तेव्हा तो उघडपणे विरोधात बोलला होता. युक्रेनवरच्या आक्रमणाच्या आधी मात्र त्याने हल्ल्याच्या इशाऱ्यांची टर उडवली, आणि हल्ला झाल्यावर या विषयावर बोलणंच थांबवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला रशियाचं नागरिकत्व मिळालं. बायको-मुलांसह तिथे राहणाऱ्या माणसाची अडचण मला समजते. तरीही त्याच्या या मौनाचं मला वाईट वाटतं आणि त्याबद्दल त्याला बोल लावणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही.

प्रश्न (माजी सैनिक, सातारा): देशाचं नुकसान झालं त्याचं काय? दहशतवादी सावध झाले असतील.

फोन-नोंदींच्या साठ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे. एनएसएचे प्रमुख जनरल कीथ अलेक्झांडर आधी म्हणाले की पाळतीमुळे ५४ कट उधळले. सिनेटमध्ये उलटतपासणी झाली तेव्हा फोन-नोंदींच्या वाट्याला त्यातला एखाद-दुसराच उरला. जानेवारी २०१४ मध्ये सरकारच्याच नागरी स्वातंत्र्य मंडळाने गुप्त फाइल्स पाहून निष्कर्ष काढला की या साठ्यामुळे तपासाला ठोस फरक पडला असं एकही प्रकरण सापडत नाही. यशाचं उदाहरण म्हणून नाव घेतलं जाई ते सॅन दिएगोच्या एका टॅक्सीचालकाचं, सोमालियातल्या अल-शबाब या दहशतवादी संघटनेला ८५०० डॉलर पाठवल्याबद्दल. त्याची शिक्षा २०२० मध्ये अपिलात कायम राहिली, पण त्याच निकालात तो साठा बेकायदा होता असंही लिहिलं गेलं.

तुमचा आक्षेप जिथे खरा आहे ती जागा वेगळी. चीन आणि हाँगकाँगमधल्या कोणत्या संगणकांत एनएसए शिरली होती, ते त्याने तिथल्या वृत्तपत्राला सांगितलं. दुसऱ्या देशावर नजर ठेवणं हे हेरखात्याचं नेहमीचं काम आहे, त्यात अमेरिकन नागरिकांच्या हक्काचा प्रश्न नव्हता. हे त्याने करायला नको होतं.

प्रश्न (केंद्र सरकारी कर्मचारी, नागपूर): त्याने खात्यातच तक्रार करायला हवी होती, असं म्हणतात. आमच्यासारख्याने काही गैर पाहिलं तर करायचं काय?

स्नोडेनच्या आधी एनएसएतल्या थॉमस ड्रेक यांनी खात्यातल्या वाटेनेच तक्रार केली होती. पुढे ते पत्रकाराशीही बोलले आणि २०१० मध्ये त्यांच्यावर दहा आरोप ठेवले गेले, त्यातले पाच हेरगिरी कायद्याखालचे. खटला कोलमडला, किरकोळ गुन्ह्यावर निभावलं, पण नोकरी गेली आणि ते अ‍ॅपलच्या दुकानात कामाला लागले. शिवाय स्नोडेन कंत्राटदाराचा माणूस होता आणि तक्रारदारांना संरक्षण देणाऱ्या ओबामांच्या २०१२ च्या आदेशात कंत्राटी कर्मचारी नव्हते.

आता तुमच्याबद्दल. आपल्याकडे जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागू करण्याची अधिसूचना निघालेली नाही. त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नका. सध्या आहे तो केंद्र सरकारचा २००४ चा ठराव. सुवर्ण चतुष्कोण महामार्गातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती. पत्र नावासकट टेबलाटेबलांवर फिरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. सीबीआयने तो लुटीचा प्रकार ठरवला, पण त्यातून उठलेल्या संतापामुळे हा ठराव आला.

त्यानुसार तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे बंद पाकिटात पाठवायची. जनहितार्थ माहितीच्या ठरावाखालची तक्रार असल्याचं पाकिटावर लिहायचं, म्हणजे ते नेहमीच्या टपालात फुटत नाही. तुमचं नाव-पत्ता आतल्या पत्रात द्यावाच लागतो, निनावी तक्रार घेत नाहीत. पाकिटावर मात्र नाव लिहू नका. तक्रार भ्रष्टाचाराची किंवा पदाच्या गैरवापराची हवी, स्वतःच्या बढती-बदलीची नको. तक्रारीची प्रत साहेबांना किंवा वर्तमानपत्राला पाठवलीत तर नाव गुप्त राहण्याचा उपयोग उरणार नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी या ठरावात येत नाहीत.