खायची नसतील, तर न्यूयॉर्कच्या बंदरात कालवे (शिंपल्यातले जीव, इंग्रजीत ऑयस्टर) वाढवायला सामान्य लोकांना कशाला गोळा करतात?

ब्रुकलिनमध्ये राहत असताना दोन उन्हाळे मी ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ची स्वयंसेविका होते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाला २०३५ पर्यंत त्या बंदरात एक अब्ज कालवे वसवायची आहेत. मी कोकणातली, कालव म्हटले की मला आधी कालवण आठवते. त्यामुळे तुमचा प्रश्न पहिल्या दिवशी मलाही पडला होता.

कालवाचे पिल्लू सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग एखाद्या कठीण वस्तूला कायमचे चिकटते. त्याला सर्वांत मानवतो तो जुना शिंपला, आणि बंदराच्या तळाशी आता बहुतेक ठिकाणी नुसता गाळ आहे. म्हणून रेस्टॉरंटांमधले उष्टे शिंपले गोळा करून सुमारे वर्षभर उन्हापावसात ठेवतात आणि त्यानंतर टाक्यांमध्ये त्यांच्यावर पिल्ले धरवतात. त्या शिंपल्यांतून लिंबाच्या फोडी वेचण्यात माझी पहिली सकाळ गेली.

लोक खरे गुंततात ते मोजणीत. धक्क्याला टांगलेला पिंजरा वर ओढला की काळा गाळ गळू लागतो, नखाएवढे खेकडे सैरावैरा पळतात, आणि शाळकरी मुले एकेक कालव कॅलिपरमध्ये, म्हणजे माप घ्यायच्या चिमट्यात, धरून मिलिमीटरचा आकडा ओरडून सांगतात. मागच्या वेळेपेक्षा आकडा वाढलेला दिसला, की पुढच्या मोजणीला ती न बोलावता येतात.

मात्र ‘एक कालव दिवसाला १९० लिटर पाणी गाळते’ हे वाक्य तिथे फार सैलपणे वापरले जाते, असे माझे मत आहे. तो आकडा अनुकूल परिस्थितीतला आहे, आणि तो ऐकून कालवेच सांडपाणी निस्तरतील असा लोकांचा समज होतो. प्रत्यक्षात शहराच्या मोठ्या भागात मैला आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहते, जोराचा पाऊस झाला की ते प्रक्रियेविनाच बंदरात येते, आणि त्यातले जंतू कालवांच्या अंगात साठतात. याच घाणीपायी १९२७ मध्ये तिथली कालवे काढणे पूर्णपणे बंद झाले. आज कोणी ती चोरून खाऊन आजारी पडले, तर साऱ्या कामावरच गदा येईल. शेजारच्या न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये याच धास्तीने प्रदूषित पाण्यातली संशोधनाची कालवे काढायला लावली होती. ‘खाऊ नका’ हे सांगायला म्हणूनच वस्तीतली माणसे हवी असतात, कारण धक्क्यावर गळ टाकून बसणारे लोक फलक वाचत नाहीत, ओळखीच्या माणसाचे मात्र ऐकतात.