ऑन्टारियोत आरक्षण नाही. मग आहे ते काय, आणि मागायचं कसं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, टोरंटोजवळच्या एका सरकारी कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोमाला प्रवेश मिळालाय. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्याला यंत्र, यूडीआयडी कार्डावर (भारत सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) ४५ टक्के. कॉलेजकडून ईडीआयचा (इक्विटी, डायव्हर्सिटी, इन्क्लुजन, म्हणजे समन्याय, विविधता आणि समावेश) एक फॉर्म आलाय. त्यावर अपंगत्व आणि जात लिहायची का, लिहिल्याने काही राखीव मिळतं का, आणि पुढे नोकरीत तेच आडवं येईल का?

तो फॉर्म म्हणजे निव्वळ शिरगणती. ऐच्छिक असतो, नाही भरला तरी कोणी विचारत नाही. आपल्याकडची मुलं इथेच फसतात: 'अपंगत्व आहे' या चौकटीत खूण केली की कॉलेजला कळलं, आता ते बघतील, अशी समजूत. कोणीही बघत नाही. शिरगणतीचे आकडे एका टेबलावर जातात, सोयीसवलती दुसऱ्याच टेबलावर ठरतात. 'साऊथ एशियन'वर बिनधास्त खूण करा. मात्र 'इंडिजिनस' किंवा 'स्टेटस इंडियन' या चौकटींना हात लावू नका. १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टमधले 'इंडियन' म्हणजे इथले मूळ रहिवासी. तुम्ही महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजातल्या असलात तरी ती चौकट तुमची नाही. ती फर्स्ट नेशन्स, इन्यूइट आणि मेटी यांची.

राखीव जागा, म्हणजे जात प्रमाणपत्र दाखवून मिळणारी, इथे नाही. १९८६ चा, आणि १९९५ साली नव्याने केलेला, एम्प्लॉयमेंट इक्विटीचा केंद्रीय कायदा आहे. त्यात चार गट: स्त्रिया, मूळ रहिवासी, अपंग आणि 'व्हिजिबल मायनॉरिटी', म्हणजे मूळ रहिवासी सोडून बाकीचे गोरे नसलेले लोक. तो बँका, विमान कंपन्या, टेलिकॉम अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या, १०० किंवा अधिक माणसं असलेल्या मालकांना लागू होतो. तिथेही कोटा नसतो. कोणत्या पदांवर कोण कमी आहे ते मोजून मालकाने स्वतः उद्दिष्ट ठरवायचं असतं. ऑन्टारियो प्रांताने १९९३ मध्ये स्वतःचा तसा कायदा केला होता, सरकार बदलल्यावर १९९५ मध्ये रद्दही केला. त्यामुळे कॉलेजच्या भिंतीवरची ईडीआयची पोस्टरं, बिल्ले, हसऱ्या चेहऱ्यांचे व्हिडिओ यांवर फार विसंबू नका. खरी ताकद आहे ती ऑन्टारियोच्या ह्यूमन राइट्स कोडमध्ये, म्हणजे प्रांताच्या मानवाधिकार कायद्यात, आणि ती मागितल्याशिवाय हाताला लागत नाही.

या कोडप्रमाणे अपंगत्व, लिंग, वंश, मूळ देश, पंथ-धर्म वगैरे कारणांवरून भेदभाव करता येत नाही. शिवाय कॉलेजने किंवा मालकाने तुमच्या गरजेप्रमाणे 'अकॉमोडेशन', म्हणजे खास सोय, द्यावंच लागतं. (हा शब्द नीट पाहून घ्या. राहायच्या खोलीचा आणि याचा संबंध नाही. दर वर्षी काही जण होस्टेलच्या ऑफिसला कानाचे कागद पाठवतात.) नकार द्यायचा तर 'अवाजवी बोजा' सिद्ध करावा लागतो, आणि त्यात तीनच गोष्टी मोजल्या जातात: खर्च, बाहेरून मिळू शकणारा निधी, आरोग्य व सुरक्षा. 'बाकीच्या विद्यार्थ्यांना आवडणार नाही' हे कारण चालत नाही.

आता कागद. यूडीआयडीवरचे ४५ टक्के इथे कोणाला काही सांगत नाहीत. अ‍ॅक्सेसिबिलिटी सर्व्हिसेसच्या, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या, ऑफिसला टक्केवारी नको असते, त्या अपंगत्वाने नेमकं काय अडतं ते हवं असतं. म्हणून निघण्याआधी तिकडेच ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञ) ताजा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, आणि लेटरहेडवर, सही-शिक्का व नोंदणी क्रमांकासह, इंग्रजी पत्र घ्या. 'रुग्णाला तीव्र श्रवणदोष आहे' एवढ्यावर थांबलेलं पत्र निरुपयोगी. मजकूर असा हवा: डावीकडून आलेलं बोलणं कळत नाही; खोलीत आवाज असेल तर यंत्र लावूनही वाक्याचे तुकडे पडतात; बोलणाऱ्याचा चेहरा दिसला नाही तर समज कमी होते; तासभर कान लावून ऐकल्यावर थकवा येतो; हे कायमस्वरूपी आहे. कॉलेजचा स्वतःचा छापील फॉर्म असतो. तो त्यांच्या साइटवरून उतरवून त्याच डॉक्टरांकडून भरून घेतलात तर उत्तम. इथे आल्यावर नव्याने चाचण्या करायच्या तर खर्च तुमचा. अपंग विद्यार्थ्यांसाठीचं प्रांतिक अनुदान स्टडी परमिटवर आलेल्यांना मिळत नाही. निदानाचं नाव उघड करायची सक्तीही नाही. २०१६ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीच्या लढ्यानंतर उच्च शिक्षणात तो नियम बदलला.

प्रवेश पक्का झाला की लगेच त्या ऑफिसात नाव नोंदवा, सप्टेंबरची वाट पाहू नका. तेव्हा रांग लागते आणि वर्गातली पहिली चाचणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येऊन आदळते. कागद अपुरे असतील तर 'इंटरिम', म्हणजे तात्पुरत्या सोयी, मागा. भेटीत सल्लागार विचारेल, काय हवं? इथे बहुतेक जण 'जादा वेळ' म्हणतात, कारण तिकडे परीक्षेत तासाला २० मिनिटं मिळायची. इथे सोय अडचणीला जोडलेली लागते. लेखी पेपर वाचायला कान आड येत नसेल, तर जादा वेळ का, हे सांगता यायला हवं. तुमच्यासाठी उपयोगाच्या गोष्टी वेगळ्या: पुढच्या रांगेत डाव्या टोकाची जागा, म्हणजे सगळा वर्ग उजव्या कानाकडे येतो, प्रत्येक व्हिडिओला माणसाने तपासलेले कॅप्शन (आपोआप येणारे भारतीय नावं आणि तांत्रिक शब्द हमखास बिघडवतात), शिक्षकाच्या गळ्यात अडकवायचा माइक, जो थेट तुमच्या यंत्राशी बोलतो, आणि त्यासाठी यंत्राचं मॉडेल जुळतं का ते आधी कळवा, नोट्स घेणारा, तोंडी सूचनांची लेखी प्रत, ऐकून उत्तर द्यायच्या परीक्षेला पर्याय.

मग तुम्हाला एक पत्र मिळतं, लेटर ऑफ अकॉमोडेशन. त्यात आजाराचं नाव नसतं, फक्त सोयींची यादी. हे पत्र दर सेमिस्टरला नवं काढायचं आणि प्रत्येक शिक्षकाला पोचलं याची खात्री करायची. मागच्या सेमिस्टरचं पत्र आपोआप पुढे चालू राहत नाही. वेगळ्या खोलीतल्या परीक्षेसाठी बुकिंगही आधी करावं लागतं. मुदत चुकली की त्या पेपरला सोय नाही. विषय कमी करून अभ्यासाचा भार हलका करण्याची सोय कोणी सुचवली तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा. कॉलेज जे मान्य करतं ते इमिग्रेशनच्या 'फुल टाइम'मध्ये बसेलच असं नाही, आणि पुढचं वर्क परमिट त्यावर लटकलेलं असतं. को-ऑप किंवा प्लेसमेंटला, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर कामाला, गेलात की कॉलेजचं पत्र तिथे पुरत नाही. तिथे नव्याने मागणी करायची.

जातीचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून सरळ लिहितो. ऑन्टारियोच्या कोडमध्ये जात असा शब्द नाही. मार्च २०२३ मध्ये टोरंटोच्या शालेय मंडळाने जातिभेदाचा प्रश्न मानवाधिकार आयोगाकडे नेण्याचा ठराव केला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोगाने भूमिका मांडली की जातीवरून केलेला भेदभाव वंशपरंपरा, पंथ, वांशिक मूळ अशा कारणांखाली कोडमध्येच बसतो. म्हणजे फॉर्मवर जात लिहायची गरज नाही, पण तक्रार मात्र करता येते. अडचण अशी की समोरच्या अधिकाऱ्याला 'पूर्ण नाव काय?', 'आडनाव कोणतं म्हणालात?', 'गाव कुठलं?' या प्रश्नांमागचं काहीही ऐकू येत नाही. त्याला ते साधं कुतूहल वाटतं. म्हणून तारीख, जागा, कोण हजर होतं, आणि वाक्य जसंच्या तसं मराठीत किंवा हिंदीत लिहा. खाली इंग्रजी अर्थ आणि एक ओळ जोडा: या प्रश्नाने जात काढली जाते, ती कळल्यावर अमुक बदललं. हा 'बदल' महत्त्वाचा. ग्रुपमधून काढणं, स्वयंपाकघर वेगळं करणं, शिफ्ट न देणं. घराच्या बाबतीत एक फट आहे: मालक किंवा त्याच्या घरच्यांबरोबर स्वयंपाकघर वा बाथरूम एक असेल तर जागा देण्या-नाकारण्याला कोडचा हा भाग लागू होत नाही. स्वतंत्र बेसमेंट असेल तर लागू होतो.

कॉलेजात आधी ह्यूमन राइट्स किंवा ईडीआय ऑफिस. तिथे 'सल्ला' आणि 'तक्रार' या वेगळ्या पायऱ्या आहेत. आपण कोणत्या पायरीवर आहोत ते ईमेलवर स्पष्ट करून घ्या. ऑन्टारियोच्या ह्यूमन राइट्स ट्रायब्युनलकडे (मानवाधिकार न्यायाधिकरण) जायची मुदत घटनेपासून एक वर्ष. कॉलेजची अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही, आणि प्रकरण तिथेच बुडू शकतं. अर्जाला फी नाही, आणि ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटर फुकट सल्ला देतं. नोकरी बँकेत किंवा टेलिकॉम कंपनीत असेल तर मात्र प्रांताचं ट्रायब्युनल नव्हे, केंद्राचा कॅनेडियन ह्यूमन राइट्स कमिशन. मुदत तिथेही वर्षाचीच.

नोकरीचा अर्ज करताना आपल्या बायोडेटातली निम्मी माहिती काढून टाका: फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, धर्म. कॅनडात काम करायची कायदेशीर परवानगी आहे का, हे मालक विचारू शकतो. 'कायमची परवानगी' हवी, अशी अट घालणं हा नागरिकत्वावरून भेदभाव ठरतो. एका मोठ्या तेल कंपनीच्या प्रकरणात ऑन्टारियोच्या अपील कोर्टाने २०२३ मध्ये ते मान्य केलं. 'कॅनेडियन एक्स्पिरियन्स' ही अट १ जानेवारी २०२६ पासून, २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीत टाकता येत नाही. पगाराची पट्टीही द्यावी लागते आणि मुलाखत दिलेल्याला ४५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. तरी मुलाखतीत गोड शब्दांत तेच विचारतात, म्हणून महाराष्ट्रातल्या कामाचं वर्णन आकडे, यंत्रणा आणि जबाबदारी या भाषेत तयार ठेवा.

कानाबद्दल कधी सांगायचं? रेझ्युमेत नको. मुलाखतीचं बोलावणं आलं की एक ओळ पाठवा: व्हिडिओ कॉलवर कॅप्शन चालू ठेवावेत, एका वेळी एकानेच बोलावं. भरतीत सोय मिळते हे मालकाने आधीच कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ही मागणी त्यांना नवी नसते. रुजू झाल्यावर लेखी अकॉमोडेशन प्लॅन मागा. ५० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी त्याची लेखी पद्धत असावीच लागते.

आणि निघण्याआधी पासपोर्ट उघडून पाहा. 'गिव्हन नेम'च्या रकान्यात तुमच्या नावाला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आलं असेल तर कॉलेजचा ईमेल, हजेरीपट आणि पुढे पगाराची चिठ्ठीही तशीच निघेल. कॉलेजच्या पोर्टलवर 'प्रिफर्ड नेम'चा रकाना असतो. तो भरा, आणि पहिला ईमेल पत्ता तयार व्हायच्या आत भरा.