बुद्धिबळाच्या प्रोग्रामसाठी दीड लाखाचा संगणक घ्यावा का?

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याने सी प्लस प्लसमध्ये बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिलाय. तो आणखी तगडा व्हावा म्हणून ग्राफिक्स कार्डवाला दीड लाखाचा संगणक मागतोय. करिअरही यातच करायचं म्हणतो. – एक पालक, सांगली

उत्तर : आत्ता घेऊ नका. स्टॉकफिशसारखी इंजिनं (म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम) सगळं काम सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर करतात, मुलाचा प्रोग्रामही बहुधा तसाच असणार. ग्राफिक्स कार्ड लागतं ते लीलासारख्या, मोठ्या न्यूरल नेटवर्कवर (उदाहरणांवरून शिकलेल्या गणिती जाळ्यावर) चालणाऱ्या इंजिनाला.

वेगाने ताकद वाढते, हे खरंच. १९९७मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक ४८० खास चिपांच्या जोरावर सेकंदाला सुमारे २० कोटी पोझिशन (पटावरच्या स्थिती) तपासत असे. पण एक चाल पुढचं पाहायचं तर काम पटीत वाढतं, आणि जितकं खोल जावं तितका फायदा घटत जातो. उलट २०२०मध्ये स्टॉकफिशमध्ये छोटं न्यूरल नेटवर्क आलं, तेव्हा सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या पोझिशन कमी झाल्या, तरी खेळ चांगलाच सुधारला.

दुप्पट वेगाने किती फरक पडेल, हे घरच्या लॅपटॉपवर फुकटात मोजता येतं. प्रोग्रामच्या दोन प्रती क्यूटचेस या इंजिनांचे सामने लावणाऱ्या प्रोग्राममध्ये एकमेकींशी खेळवायच्या : एकीला पूर्ण डावाला १० सेकंद अधिक चालीमागे ०.१ सेकंद, दुसरीला २० अधिक ०.२. दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट वेगाचं मशीनच. दोघींना एकच थ्रेड (एका वेळी कामाचा एकच धागा), सारखा हॅश (तपासलेल्या पोझिशन लक्षात ठेवायची मेमरी), आणि प्रत्येक ओपनिंग (डावाची ठरावीक सुरुवात) रंग बदलून दोनदा. १०० डावांवरून काही ठरवू नये. त्यात ५०-६० एलो (खेळाच्या ताकदीचे गुण) इकडेतिकडे सहज होतात. १००० डावांत ही चूक २०च्या आत-बाहेर येते. चार डाव एकाच वेळी लावले तर तीन-साडेतीन तासांत उरकतं. मग ४० विरुद्ध ८० सेकंद लावून फरक किती आटतो ते बघावं.

फसतं ते इथे : लॅपटॉप तापला की वेग आपोआप उतरतो आणि आकडे बिघडतात. चार्जर लावलेला हवा, ब्राउझर बंद, आणि एकाच वेळी सीपीयूतल्या कोअरपेक्षा (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांपेक्षा) कमी डाव. वेळ संपून हरलेले डाव वेगळे मोजायला सांगा. घरगुती प्रोग्राममध्ये ते हमखास निघतात.

करिअरचं म्हणाल तर निव्वळ बुद्धिबळ इंजिन लिहिण्याच्या नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. स्टॉकफिशही स्वयंसेवकच चालवतात. पण कोड कुठे रेंगाळतो ते शोधणं, कॅशे (प्रोसेसरजवळची जलद मेमरी), मल्टिथ्रेडिंग (एकाच वेळी अनेक धाग्यांत काम), आकडेवारीने बदल तपासणं, ही कौशल्यं कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), डेटाबेस, गेम सगळीकडे लागतात. तेव्हा लक्ष्य संगणक अभियांत्रिकीचं, तयारी जेईई आणि एमएचटी-सीईटीची. संभाव्यतेचा धडा त्याने ऑप्शनला टाकू नये.

पुढे कधी संगणक घेतलाच, तर पैसे जास्त कोअरच्या सीपीयूवर घाला. चाचणीचे डाव तेवढे जास्त एकदम खेळवता येतात.