शब्दशंका : ‘सायकेडेलिक’ म्हणजे मादक का?

प्रश्न : नैराश्यावरील नव्या उपचारांच्या बातम्यांत ‘सायकेडेलिक’ हा शब्द वारंवार येतो. त्याला कुठे ‘मादक’, तर कुठे ‘भ्रम निर्माण करणारे’ असा प्रतिशब्द दिलेला असतो. यांपैकी योग्य कोणता? शिवाय भडक रंगांच्या चित्रांनाही हाच शब्द का लावतात?

उत्तर : दोन्ही प्रतिशब्द अपुरे आहेत, आणि ‘मादक’ तर सरळ दिशाभूल करतो. अफूपासून मिळणारे मॉर्फिन खरे मादक, कारण ते वेदना शमवते आणि गुंगी आणते. याउलट एलएसडी हे रसायन किंवा काही अळंब्यांत आढळणारे सायलोसायबिन घेतलेला माणूस जागा असतो, पण त्याला रंग गडद दिसू लागतात, वेळ लांबल्यासारखा वाटतो, भिंतीवरची स्थिर नक्षी हलताना दिसते आणि कधीकधी ‘मी’पणाची जाणीवही विरते. ‘भ्रम’ हा शब्द मानसोपचारात पुराव्यापुढेही न ढळणाऱ्या चुकीच्या समजुतीसाठी राखलेला आहे, म्हणून तोही येथे बसत नाही.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५६ मध्ये लेखक ऑल्डस हक्स्ली यांच्याशी चाललेल्या पत्रव्यवहारात हा शब्द घडवला. ग्रीक भाषेतील ‘मन’ आणि ‘प्रकट करणे’ या अर्थांच्या शब्दांची ही जोड आहे. तोवर संशोधक या पदार्थांना ‘मनोविकृतीची नक्कल करणारे’ म्हणत असत, आणि ऑस्मंड यांना रोगाची छाया नसलेले नाव हवे होते. हक्स्ली यांनी सुचवलेला ‘फॅनेरोथाइम’ मागे पडला. (उच्चाराच्या दृष्टीने ते बरेच झाले, असे मला वाटते.)

चित्रांविषयीचा वापर लाक्षणिक आहे. या पदार्थांच्या अनुभवाची छाप १९६० च्या दशकातील भित्तिपत्रकांवर आणि रॉक संगीतावर पडली, आणि विशेषण त्या शैलीला चिकटले.

जवळच्या वाटणाऱ्या शब्दांशीही गल्लत करू नये. ‘सायकोअॅक्टिव्ह’ म्हणजे मनावर परिणाम करणारा कोणताही पदार्थ. त्यात कॅफीन आणि मद्यही येते. ‘सायकोट्रॉपिक’ या शब्दाचा आवाकाही मोठा आहे, कारण त्याच नावाच्या १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात झोप आणणाऱ्या बार्बिट्युरेट औषधांचाही समावेश आहे. काटेकोर अर्थाने ‘सायकेडेलिक’ म्हणजे मुख्यतः मेंदूतील सेरोटोनिन या रासायनिक संदेशवाहकाच्या एका विशिष्ट ग्राहीमार्फत (पेशीवरील संदेश पकडणाऱ्या रेणूमार्फत) काम करणारा छोटा गट. नैराश्यावर वापरले जाणारे केटामिन हे औषध ग्लुटामेट या वेगळ्या संदेशवाहकाच्या ग्राहीवर काम करते, म्हणून बातम्यांत त्याला सर्रास ‘सायकेडेलिक’ म्हटले जात असले, तरी लिहिताना ते या गटात धरू नये.