गोळी सोडून अश्वगंधा घेऊ का?

प्रश्न: डिप्रेशनची गोळी चालू आहे, ती बंद करून अश्वगंधा किंवा ब्राह्मी घेतली तर चालेल का?

उत्तर: नाही हो, गोळी अशी एकदम बंद करू नका, चक्कर, झोप उडणं असले त्रास होतात आणि आजार परत उलटू शकतो. अश्वगंधाचे अभ्यास बरेचसे ताण आणि झोपेवर झालेत, ब्राह्मीचे स्मरणशक्तीवर. डिप्रेशनसाठी त्यातल्या त्यात केशराचे निकाल बरे आहेत, रोज ३० मिग्रॅ, ६-८ आठवडे, पण तेही सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये आणि अभ्यास छोटे. थायरॉइड किंवा लिव्हरचा त्रास असेल तर अश्वगंधा स्वतःच्या मनाने अजिबात नको. आणि सर्पगंधापासून तर लांबच राहा, तिच्यातल्या रेसरपिनने मेंदूतलं सेरोटोनिन (मूड सांभाळणारं रसायन) कमी होतं, डिप्रेशन वाढू शकतं! काहीही सुरू करण्याआधी सायकियाट्रिस्टना नक्की सांगा, आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर आजच भेटा, प्लीज.