डीएचएसच्या आकड्यांवर प्रबंध करताय? आधी एवढं करा

विषय बदलू नका, क्रम बदला. आधी डेटा उतरवून घ्या, प्रश्न मग घासत बसा. डीएचएस म्हणजे डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज, अनेक देशांतली लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं. यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेच्या पैशावर १९८४ पासून चाललेला हा सर्वेक्षण कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये निधी तुटल्यामुळे थांबला आणि डेटाच्या अर्जांना उत्तर मिळेनासं झालं. नंतर खासगी निधीतून काही काम पुन्हा सुरू झालं. पण भरवसा ठेवू नका.

- फक्त डेटा फाइल नको. त्याच फेरीची (म्हणजे त्याच वेळच्या सर्वेक्षणाची) प्रश्नावली, रीकोड मॅन्युअल (फाइलमधल्या संकेतांकांचे अर्थ सांगणारी पुस्तिका) आणि अंतिम अहवालही सोबत ठेवा. मॅन्युअल नसेल तर संकेतांकांचे अर्थ लावताना डोकं फिरतं.
- महिलांच्या फाइलमधलं नमुना-वजन (सँपल वेट, शरीराचं वजन नव्हे), म्हणजे व्ही००५ (V005) हा रकाना, १० लाखांनी भागून वापरा. वजन न लावता काढलेली टक्केवारी अहवालाशी जुळत नाही, आणि नवखे तिथेच अडकतात. आधी अहवालातला एक तक्ता स्वतः काढून पाहा. जुळला, की पुढे.
- मित्राला फाइल पाठवू नका. परवानगी नोंदवलेल्या अभ्यासापुरतीच असते.

एखाद्या देशाची पुढची फेरी झालीच नसेल, तर जुन्या दोन फेऱ्यांवरून रेघ पुढे ओढू नका. शेवटचं वर्ष स्पष्ट लिहा आणि थांबा.

भारतापुरतं काम असेल तर भारतातलं डीएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण; ते मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राबवते. पाचव्या फेरीचा काळ २०१९-२१.

बहुस्तरीय मॉडेलं, सर्वेक्षणाच्या ठिकाणांचा जीपीएस डेटा वगैरे? आत्ता नको. तो तक्ता जुळू दे.