गाडीच्या स्क्रीनवरचे जीपीएसचे शब्द आणि वर्धा रोडचा पूल

भाऊ, जुन्या गाडीसोबत आलेल्या स्क्रीनवरचे फिक्स, पीओआय, वेपॉइंट हे शब्द कळत नाहीत, आणि आपल्या नागपुरात वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर ती गडबडते काहून, असं तुम्ही विचारलंय. आधी एक गोष्ट वेगळी काढा. उपग्रह रस्ता दाखवत नाही. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा कळवत राहतो. त्यावरून तुमची जागा गाडीतला रिसीव्हर काढतो. रस्ता, वळण, पोचायची वेळ हे सगळं नकाशाचं काम. म्हणून जीपीएसला नेटपॅक लागत नाही, ताज्या ट्रॅफिकला लागतो.

फिक्स म्हणजे जागा पक्की होणं. त्यासाठी सुमारे २०,२०० किमी उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात. चौथा रिसीव्हरच्या घड्याळाची चूक काढायला. गाडी बरेच दिवस बंद असली की पहिला फिक्स उशिरा लागतो. मोबाइल मात्र उपग्रहांची माहिती नेटवरून उचलतो, म्हणून तो झटपट.

आता पूल. उपग्रह सगळे डोक्यावर, जमिनीखाली एकही नाही. त्यामुळे उंचीचा अंदाज आडव्या जागेपेक्षा कच्चाच असतो. त्यात आपल्याकडे खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. खालून जा की पुलावरून, डोक्यावर काँक्रीट आहेच. सिग्नल खांबांवर आपटून येतात, यालाच मल्टिपाथ म्हणतात. मग स्क्रीन तुम्हाला जवळच्या रस्त्यावर चिकटवते, ते मॅप मॅचिंग. दोन रस्ते एकावर एक असले की तिने काय करावं? छत्रपती चौकात उतरायचं असेल तर पुलावर चढायचंच नाही, हे पाटी बघून आपणच ठरवायचं. ‘रिकॅल्क्युलेटिंग’ आलं तर घाबरू नका, नवा मार्ग काढणं चालू आहे एवढंच.

पीओआय म्हणजे नकाशात नोंदलेलं ठिकाण: पेट्रोलपंप, दवाखाना. इथे नाव नेमकं टाका. नुसतं ‘पेंच’ टाकलं तर सिल्लारी गेट हवं असताना मध्य प्रदेशातल्या तुरियाला जाल. वेपॉइंट म्हणजे मधला थांबा. छिंदवाड्याला सावनेरवरूनच जायचं असेल तर सावनेर टाका. ईटीए म्हणजे पोचायची अंदाजे वेळ, चहाचा थांबा धरून नाही.

कोऑर्डिनेट्स म्हणजे अक्षांश-रेखांश टाकताना जपा, राजेहो. नागपूरचा अक्षांश साधारण २१.१५ अंश, म्हणजे २१ अंश ९ मिनिटं. तो २१ अंश १५ मिनिटं समजून टाकला तर सुमारे ११ किमी उत्तरेला पोचाल.

‘अव्हॉइड टोल’ (टोल टाळा) चालू असेल तर स्क्रीन समृद्धी महामार्ग दाखवणार नाही. ते बंद असूनही महामार्ग दिसला नाही तर नकाशा कोणत्या वर्षाचा आहे ते सेटिंगमध्ये बघा; नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्याआधीच्या नकाशात तो बहुधा नसेलच.